‘टीझ’ शिकवायचा तर सोडण हातात घ्या

इंग्रजीच्या तासाला ‘टीझ म्हणजे चिडवणे’ एवढंच फळ्यावर लिहून पुढे गेलं, की ‘टीझ आउट’, ‘टीझर’, ‘ब्रेन टीझर’ हे सगळं मुलांना सुटं सुटं पाठ करावं लागतं. मूळ अर्थ आधी बोटांना कळला तर बाकीचे मागून येतात. कोकणातल्या शाळेत त्याचं साहित्य परसातच पडलेलं असतं.

तासाच्या दोन दिवस आधी पिकल्या नारळाचं सुकं सोडण, म्हणजे करवंटीवरचं धाग्यांचं जाड आवरण, पाण्यात घाला. ते तरंगतं, म्हणून वर दगड ठेवा. शहाळ्याचं सोडण घेऊ नका. त्याचा गर धाग्यांना चिकटून राहतो आणि हाती लगदा येतो. भिजल्यावर दगडावर ठेवून लाकडी दांडक्याने बडवा, वरची गुळगुळीत साल सोलून टाका आणि चार मुलांमागे बोटभर जाडीची एक पट्टी द्या. खाली वर्तमानपत्र हवंच, भुसा फार पडतो.

सांगायचं एवढंच: धागे न तोडता सुटे करा. मुलं पहिल्यांदा दोन्ही टोकं धरून हिसडा मारतात आणि पुंजकाच्या पुंजका तुटून येतो. चिमटीत थोडे थोडे धागे धरून आडवे ओढले की पट्टी फुलते. दहा मिनिटं पुरेत.

आता शब्द सांगा. जुन्या इंग्रजीतलं क्रियापद ‘टॅसन’: लोकर किंवा जवसाचे धागे ओढून सुटे करणे, म्हणजे आपलं पिंजणे. लोकरी कापडाला लव आणण्यासाठी ज्या झाडाची काटेरी वाळकी बोंडं वापरत, त्या ‘टीझल’चं नावही याच मुळातलं. माणसाला पुन्हा पुन्हा थोडं थोडं ओढून, टोचून हैराण करणे हा अर्थ सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आला. हलकी थट्टा त्यानंतरची. चिमटीने पुन्हा पुन्हा ओढणं मुलांनी आत्ताच केलेलं असतं, त्यामुळे इथे वेगळं समजवावं लागत नाही. अमेरिकेत केस उलटे विंचरून फुगवण्यालाही ‘टीझ’ म्हणतात. आपले केसही पिंजारतातच.

‘टीझ आउट’ला मात्र मुलं ‘काथ्याकूट’ हा प्रतिशब्द सुचवतील, कारण काथ्या समोरच आहे. तो घेऊ नका. काथ्याकुटातून निष्पन्न काही होत नाही. ‘टीझ आउट’मध्ये गुंत्यातून नेमकी गोष्ट हळूहळू बाहेर काढली जाते.

चुका ठरलेल्या असतात. ‘ही टीझ्ड टू मी’ चूक, ‘ही टीझ्ड मी’ बरोबर. ‘मला’तला ‘ला’ इंग्रजीत ‘टू’ होऊन येतो. ‘नावावरून चिडवलं’ला ‘ऑन’ नाही, ‘अबाउट माय नेम’. उच्चाराचा शेवट ‘रोज’मधल्या ज सारखा, ‘स’ नको.

‘ईव्ह टीझिंग’ वर्तमानपत्रात दिसतं, मुलं विचारतीलच. हा भारतीय इंग्रजीतला शब्दप्रयोग आहे आणि तो फसवा आहे: रस्त्यात मुलीला त्रास देणं हा गुन्हा, पण शब्द थट्टेचा. मराठीत छेडछाड, इंग्रजीत ‘हॅरॅसमेंट’ असं स्पष्ट लिहून द्या. हे घाईत उरकू नका.

वेळ उरला तर सुटा केलेला काथ्या जाड दातांच्या जुन्या फणीतून ओढायला द्या. जवसाचे धागे विंचरण्याची असली लोखंडी फणी म्हणजे ‘हेकल’. सभेतल्या वक्त्याला प्रश्नांनी, मध्येच ओरडून भंडावण्याचा अर्थ या शब्दाला स्कॉटलंडमध्ये चिकटला. मित्राला ‘हेकल’ करत नाहीत. समोर बोलणारा आणि ऐकणारा जमाव लागतो. दोन्ही शब्दांचं एकेक वाक्य मुलांकडून त्याच तासात लिहून घ्या.