‘निरंक’ लिहिण्याआधी: महाविद्यालयाच्या आवारातील गुन्ह्याची नोंद कशी करावी आणि तो कोणास कळवावा

जानेवारी उजाडला की नाशिकमधल्या महाविद्यालयांच्या कार्यालयांत अहवालांची घाई सुरू होते. लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या अंतर्गत समितीचा सरलेल्या कॅलेंडर वर्षाचा अहवाल जिल्हा अधिकाऱ्याकडे जायचा असतो, रॅगिंगविषयीची माहिती विद्यापीठाला द्यायची असते, आणि बहुतेक रकान्यांत एकच शब्द उमटतो: निरंक. अंतर्गत समितीचा बाह्य सदस्य म्हणून मी असे अनेक अहवाल वाचले आहेत. काही हजार मुलामुलींच्या संकुलात वर्षभरात एकही तक्रार नाही, याचा अर्थ तेथे काही घडलेच नाही असा क्वचितच असतो. तक्रार कोठे करायची हे मुलांना ठाऊक नसते, किंवा तोंडी आलेली तक्रार कोणी कागदावर घेतलेली नसते. प्राचार्य, कुलसचिव, वसतिगृहाचे रेक्टर आणि कार्यालयीन अधीक्षक यांच्यासाठी हे मार्गदर्शन लिहीत आहे.

आरंभीच एक गोष्ट मनाशी पक्की करावी. घटना खरी की खोटी हे ठरवणे हे संस्थाप्रमुखाचे पहिले काम नव्हे. पहिले काम नोंदवण्याचे, दुसरे पीडित व्यक्तीला सुरक्षित करण्याचे, आणि तिसरे ज्या यंत्रणेला कायद्याने कळवायचे तिला मुदतीत कळवण्याचे. ‘आधी आपण बघू, मग पोलिसांचे बघू’ या वाक्याने जितके नुकसान झालेले मी पाहिले आहे, तितके दुसऱ्या कशानेही झालेले पाहिलेले नाही.

नोंदवही

अमेरिकेत १९८६ साली लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात जीन क्लेरी या विद्यार्थिनीचा खून झाला आणि तिच्या आईवडिलांच्या प्रयत्नांतून १९९० साली तेथे कायदा आला. त्या कायद्याखाली सुरक्षा विभाग असलेल्या प्रत्येक विद्यापीठाला गुन्ह्यांची दैनंदिन नोंद ठेवावी लागते, माहिती मिळाल्यापासून कामकाजाच्या दोन दिवसांत घटना तीत लिहावी लागते, आणि दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत मागील तीन वर्षांचे आकडे सर्वांसाठी प्रसिद्ध करावे लागतात. आपल्याकडे असे आकडे प्रसिद्ध करण्याची सक्ती करणारा कायदा नाही. परंतु अशी नोंदवही ठेवण्यास कोणाची मनाईही नाही, आणि माझ्या मते प्रत्येक महाविद्यालयाने ती आजपासून ठेवावी.

वही बांधीव असावी, पाने क्रमांकित असावीत आणि एकूण किती पाने आहेत याचा दाखला पहिल्या पानावर प्राचार्यांच्या सहीने असावा. सुटे कागद फाइलमध्ये लावले तर त्यातील एखादा कधी गळतो ते कळतही नाही. अनुक्रमांक, माहिती मिळाल्याची तारीख व वेळ, घटनेची तारीख व वेळ, नेमके ठिकाण, घटनेचे थोडक्यात स्वरूप, माहिती घेणाऱ्याचे नाव, कोणास केव्हा कळवले आणि पोच क्रमांक, एवढे रकाने पुरतात. माहिती मिळाल्याची वेळ आणि घटनेची वेळ हे रकाने वेगळेच ठेवावेत, कारण कायद्यातील काही मुदती पहिल्या वेळेपासून मोजल्या जातात तर काही दुसऱ्या वेळेपासून.

एका महाविद्यालयात मी अशी नोंद वाचली होती: ‘एका विद्यार्थिनीस काही मुलांनी त्रास दिला. समज देऊन सोडले.’ या दोन वाक्यांतून पुढे काहीही सिद्ध होत नाही. तीच नोंद अशी हवी होती: ‘सायंकाळी ६.४०, ग्रंथालयामागील दुचाकी वाहनतळ. तक्रारदाराच्या सांगण्यानुसार दोन मुलांनी गाडीची चावी काढून घेतली, वाट अडवली व मोबाइलवर चित्रीकरण केले. माहिती सुरक्षारक्षकाकडून ६.५५ वाजता मिळाली.’ लिहिणाऱ्याने आपले मत, मुलीच्या कपड्यांचे वर्णन किंवा ‘कथित’ हा शब्द त्यात घालू नये. ‘सांगण्यानुसार’ एवढे म्हटले की पुरे.

पीडित व्यक्तीचे नाव मात्र या वहीत लिहू नये. तेथे फक्त संकेत क्रमांक लिहावा आणि नाव बंद पाकिटात, प्राचार्यांच्या कुलूपबंद कपाटात ठेवावे. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याचे कलम १६ तक्रारदार, प्रतिवादी आणि साक्षीदार या सर्वांची ओळख उघड करण्यास मनाई करते, आणि बलात्कारासारख्या गुन्ह्यातील पीडितेची ओळख प्रसिद्ध करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. शिपायापासून संचालकापर्यंत सर्वांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर नाव फिरल्यावर ‘आम्ही चांगल्या हेतूने कळवले’ हा खुलासा चालत नाही.

आधी वय विचारा

नाशिकमधल्या अनेक जुन्या महाविद्यालयांत कनिष्ठ आणि वरिष्ठ महाविद्यालय एकाच आवारात भरते. अकरावी-बारावीची मुले तर अठरा वर्षांखालील असतातच, पण प्रथम वर्षाच्या वर्गातही सतरा वर्षांची मुलगी बसलेली असू शकते. म्हणून लैंगिक स्वरूपाची कोणतीही तक्रार आली की जन्मतारीख प्रवेश अर्जावरून लगेच पाहावी. वय अठरापेक्षा कमी असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्याचे, म्हणजे बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचे, कलम १९ लागू होते आणि विशेष बालपोलीस पथकास किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे बंधनकारक ठरते. येथे पालकांची इच्छा, संस्थेची प्रतिष्ठा किंवा समितीचा ठराव यांपैकी कशालाही जागा नाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि आपल्या हाताखालील कर्मचाऱ्याने केलेला गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवला तर ती मुदत एक वर्षापर्यंत जाते.

तक्रारदार सज्ञान स्त्री असेल तर वाट वेगळी आहे, आणि हा फरक अनेक प्राचार्यांना माहीत नसतो. पोलिसांत जायचे की नाही हा निर्णय तिचा असतो. तिने जायचे ठरवले तर तिला मदत करणे हे संस्थेचे कर्तव्य आहे, आणि ती जात नाही म्हणून अंतर्गत समितीने तिची तक्रार बाजूला ठेवायची नाही. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार यावी असा नियम आहे, आणि कारणे नोंदवून समितीला ही मुदत आणखी तीन महिने वाढवता येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांप्रमाणे तक्रारीची प्रत प्रतिवादीला सात दिवसांत द्यावी, त्याने दहा दिवसांत उत्तर द्यावे, चौकशी नव्वद दिवसांत संपावी, अहवाल त्यानंतर दहा दिवसांत द्यावा आणि अपील न झाल्यास संस्थेने तीस दिवसांत कारवाई करावी. समेट घडवायचा तर तो फक्त त्या स्त्रीच्याच विनंतीवरून, चौकशी सुरू होण्यापूर्वी, आणि पैशांच्या देवाणघेवाणीवाचून.

समितीची रचना तपासताना दोन चुका हमखास आढळतात. एक म्हणजे प्राचार्य किंवा विभागप्रमुख स्वतः सदस्य असतात. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा वरिष्ठ प्रशासकीय पदांवरील व्यक्तींना २०१५ च्या विनियमांनी समितीबाहेर ठेवले आहे. दुसरी म्हणजे विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरण असूनही तीन विद्यार्थी सदस्य घेतलेलेच नसतात. समितीच न नेमल्यास २०१३ च्या कायद्याखाली पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

आवार म्हणजे फक्त कुंपणाच्या आतली जागा, ही समजूतही काढून टाकावी. २०१५ च्या विनियमांत महाविद्यालयाची बस, अभ्याससहल, इंटर्नशिप, शिबिरे, क्रीडास्पर्धा हे सारे येते. पेठ किंवा सुरगाण्याच्या गावात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात घडलेली घटना ही तुमच्याच आवारातील घटना आहे.

रॅगिंग: चोवीस तास आणि सात दिवस

येथे दोन कायदे एकत्र चालतात. महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंधक अधिनियम १९९९ चा आहे. तक्रार आल्यापासून सात दिवसांत प्रमुखाने चौकशी करावी, प्रथमदर्शनी तथ्य दिसल्यास विद्यार्थ्यास निलंबित करून तक्रार लगेच पोलिसांकडे पाठवावी, आणि तथ्य नसल्यास तसे तक्रारदारास लेखी कळवावे, असे तो सांगतो. हयगय करणाऱ्या प्रमुखाने गुन्ह्यास अपप्रेरणा दिली असे तो कायदा मानतो. दोषी विद्यार्थ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे. आयोगाचे २००९ चे विनियम याहून कडक आहेत. माहिती मिळताच दंडनीय गुन्हा घडला आहे का हे प्रमुखाने ठरवावे, घडला असल्यास चोवीस तासांत फिर्याद द्यावी, जिल्हास्तरीय समितीला व विद्यापीठाच्या समन्वय अधिकाऱ्याला लागलीच कळवावे, आणि पोलिसांची वाट न पाहता संस्थेची स्वतःची कार्यवाही सात दिवसांत पुरी करावी. ज्या ठिकाणी दोन मुदती आहेत तेथे नेहमी लहान मुदत धरावी. १८००-१८०-५५२२ हा राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक फलकावर लावताना तो वसतिगृहाच्या जिन्यात लावावा. प्राचार्यांच्या दालनाबाहेर तो वाचायला कोणीही थांबत नाही.

आदिवासी किंवा दलित विद्यार्थ्याला जातीवरून अपमानित केले गेले असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो का हे पोलिसांना ठरवू द्यावे. सुरगाणा, पेठ, कळवणहून शहरात शिकायला येणारी मुले बहुधा लेखी तक्रार करत नाहीत. रेक्टरने त्यांचे तोंडी म्हणणे त्यांच्याच शब्दांत लिहून, वाचून दाखवून सही घ्यावी.

पोलीस ठाण्याच्या दारात

आपले संकुल कोणत्या ठाण्याच्या हद्दीत येते हे सत्र सुरू होण्यापूर्वी लेखी विचारून ठेवावे. गंगापूर रोड आणि कॉलेज रोडच्या महाविद्यालयांना हा प्रश्न फारसा पडत नाही. परंतु त्र्यंबक रस्त्यावर महिरावणी-अंजनेरीकडे आणि दिंडोरी रस्त्याने शिवनईकडे जाताना शहर आयुक्तालयाची हद्द संपून ग्रामीण पोलिसांची सुरू होते. रात्री अकरा वाजता तो शोध घेऊ नये. आणि हद्दीवरून कोणी परत पाठवू लागले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ लक्षात ठेवावे: १ जुलै २०२४ पासून गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर ठाण्याला घ्यावी लागते. ऑनलाइन खबर दिल्यास तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. प्रथम खबर अहवालाची प्रत विनामूल्य मिळते. ठाणे अंमलदाराने नकारच दिला तर त्याच मजकुराचा अर्ज वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याकडे टपालाने पाठवावा आणि नोंदवहीत त्याची पावती चिकटवावी.

विद्यार्थिनीबरोबर ठाण्यात जाणारी व्यक्ती आधीच नेमलेली असावी, शक्यतो महिला प्राध्यापक, आणि तिला त्या दिवशीच्या तासिकांतून मोकळीक द्यावी.

कॅमेऱ्यातील चित्रण

सर्वांत जास्त पुरावा येथेच वाया जातो. कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या यंत्रातील, म्हणजे डीव्हीआरमधील, जागा भरली की जुने चित्रण आपोआप पुसले जाते, आणि समितीची पहिली बैठक होईपर्यंत हवा असलेला दिवस निघून गेलेला असतो. म्हणून घटना नोंदवल्या दिवशीच घटनेच्या आधीचे व नंतरचे काही तास वेगळ्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावेत. मोबाइलने पडद्याचे चित्रीकरण करू नये. मूळ यंत्र पोलीस मागतील तर ते सील करून पंचनाम्यानेच द्यावे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र जोडावे लागते. त्यात यंत्राचा ताबा असणाऱ्याचा एक भाग, तज्ज्ञाचा दुसरा भाग आणि फाइलचे हॅश मूल्य असते, म्हणजे फाइलमध्ये किंचितही बदल झाल्यास बदलणारा तिचा संगणकीय ओळख-अंक. ते मूल्य प्रत काढतानाच संगणक विभागातील कोणाकडून तरी काढून वहीत लिहून ठेवावे.

आगीच्या बाबतीत थोडक्यात: २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक अधिनियमाप्रमाणे परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून ‘नमुना ब’ प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करायचे असते. ते देताना वसतिगृहाचा मागचा दरवाजा रात्री कोण कुलूप लावतो आणि किल्ली कोठे असते, हे स्वतः जाऊन पाहावे.

प्रभारी प्राचार्य बदलतात तेव्हा कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत शिक्के, धनादेश पुस्तिका आणि सेवापुस्तिका येतात. त्या यादीत घटना नोंदवही शेवटच्या नोंदीच्या अनुक्रमांकासह, बंद पाकिटे संख्येसह, आणि ज्या प्रकरणांची मुदत अजून चालू आहे त्यांच्या तारखा एकेका ओळीत लिहाव्यात, आणि दोघांनीही त्या ओळींखाली सही करावी.