खानदेशात वापरलेली कॅम्पर व्हॅन घेताना

आधी आरसी बघा. त्यावर गाडीची नोंद कॅम्पर (आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी) म्हणून नसेल, तर आतलं फर्निचर कितीही देखणं असो, व्यवहार थांबवा. अपघात झाला की विम्याचा दावा अडू शकतो.

मग टायर. बाजूवरचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. बरेच दिवस उभ्या गाडीच्या टायरची नक्षी शाबूत दिसते, पण रबर वाळून कडेला बारीक भेगा पडलेल्या असतात. भुसावळच्या मे महिन्यातल्या डांबरावर असाच टायर फुटतो. हवा पहाटे, टायर थंड असतानाच तपासा.

गाडीतल्या टाकीतलं १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो वजन; शहाद्याहून तोरणमाळला चढताना गरजेपुरतंच भरा. उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा, सतत दाबलेले ब्रेक तापून लागेनासे होतात.