छोट्या गावातल्या हायस्कूलमध्ये क्लब चालवताय? या चुका टाळा

वर्षाच्या सुरुवातीला सगळ्यांनाच उत्साह असतो, नोटीस बोर्डावर आठ क्लबांची यादी लागते, विज्ञान, नाटक, बुद्धिबळ, वादविवाद, फोटोग्राफी, वाचन, पर्यावरण, खगोल, आणि चार महिन्यांनी बघावं तर त्यातले दोन जिवंत असतात, तेही एकाच सरांच्या जिवावर. मी बरीच वर्षं छोट्या शाळेत क्लब चालवतेय आणि हे माझ्या हातूनही एकदा नाही, दोन-तीनदा झालंय. मुलांना आवड नाही म्हणून क्लब बंद पडला असं मी तरी फार क्वचित बघितलंय. बहुतेक वेळा आपण मोठ्या शाळेची नक्कल करायला जातो आणि तो अंगरखा आपल्याला ढगळ होतो.

आधी आकड्यांचंच बघा. शाळेत दीडशे-दोनशे मुलं, त्यातली शाळा सुटल्यावर थांबू शकणारी समजा ४०, आणि क्लब ८. प्रत्येक क्लबात पाच मुलं अशी वाटणी होईल असं वाटतं पण तसं कधीच होत नाही, तीच १२-१५ मुलं सगळीकडे असतात. नाटकातली मुलगी वादविवादात, वादविवादातला मुलगा बुद्धिबळात, आणि दोन क्लब एकाच दिवशी ठेवले की दोन्ही अर्धे रिकामे. एक कागद घ्या, डावीकडे मुलांची नावं, वरती क्लब, आणि फुल्या मारा. कोण तीन-तीन ठिकाणी आहे आणि कोणाच्या नावापुढे एकही फुली नाही हे दहा मिनिटांत दिसतं, मग ठरवा की आठ चालवायचे का तीन. माझं मत विचाराल तर तीन, आणि तेही वेगवेगळ्या वारी.

लहान असण्याला कमीपणा समजू नका

ही चूक मला सगळ्यात जास्त टोचते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लहान-मोठ्या हायस्कूलांचा रॉजर बार्कर आणि पॉल गम्प या मानसशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तो १९६४ साली प्रसिद्ध झाला. मोठ्या शाळांत उपक्रम जास्त होते हे खरं, पण मुलागणिक बघितलं तर जबाबदारीच्या जागा, म्हणजे नाटकात भूमिका, टीममध्ये जागा, कार्यक्रमाचं काम, हे लहान शाळेतल्या मुलांच्या वाट्याला जास्त आलं होतं. मोठ्या शाळेतली बरीच मुलं प्रेक्षकच राहिली. कारण साधं आहे, कामं तेवढीच आणि माणसं कमी, म्हणून प्रत्येकाची गरज लागते. त्याच कामात आणखी एक गोष्ट दिसली जी मला फार महत्त्वाची वाटते: अभ्यासात मागे पडलेल्या मुलांनाही लहान शाळेत 'आपण गेलं पाहिजे, आपल्यावाचून अडेल' असं वाटत होतं आणि मोठ्या शाळेत नेमकी हीच मुलं बाहेर राहत होती.

आता आपण काय करतो बघा. निवड चाचणी घेतो. वीस मुलं आली तर हुशार आठ ठेवतो आणि बाराजणांना सांगतो पुढच्या वर्षी बघू, म्हणजे आपल्याकडची एकमेव जमेची बाजू आपणच घालवतो. ज्याला बोलता येत नाही त्याला घड्याळ द्या, वादविवादात वेळ मोजणारा लागतोच. जो वर्गात तोंड उघडत नाही त्याला पडदा आणि लाइट द्या, मग बघा सराव बुडवतो का ते. 'मार्क सुधारले तरच क्लबात ये' असंही कोणाला म्हणू नका हो, ज्या पोराला शाळेत यायला तेवढंच एक कारण उरलंय त्याचं तेच काढून घ्यायचं म्हणजे काय!

शेवटची बस

आमच्याकडे एक मुलगी होती, चित्रं फार सुंदर काढायची, दोन मीटिंगला आली आणि नंतर आलीच नाही. मी मनात नोंद केली की हिला रस नाही. पुढच्या वर्षी तिच्या मैत्रिणीकडून सहज बोलता बोलता कळलं की तिच्या गावाची शेवटची बस आमची मीटिंग सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी सुटायची, पहिल्या दोन वेळा वडील घ्यायला आले होते, रोज कोण येणार. एक वर्ष गेलं तिचं, आणि मी तिला साधं विचारलंही नव्हतं याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून मी आधी बसची वेळ आणि कोण कुठून येतं ते लिहून घेते आणि मगच वार-वेळ ठरवते. बाहेरगावची मुलं जास्त असतील तर क्लब मधल्या सुट्टीत घ्या, नाहीतर आठवड्यातला एखादा ऑफ तास मुख्याध्यापकांकडून मागून घ्या. पंचवीस मिनिटं कमी वाटतात पण दर आठवड्याला नेमाने मिळाली तर त्यात भित्तिपत्रक निघतं.

खेळ किंवा स्पर्धा असेल तर आणखी एक चूक हमखास होते, बाद फेरी. १६ मुलं बुद्धिबळाला बसली की पहिल्याच फेरीत ८ घरी जातात, आणि ती नेमकी नवी, ज्यांना खेळायची सगळ्यात जास्त गरज आहे ती. त्याऐवजी स्विस पद्धत वापरा, झुरिकला १८९५ साली एका बुद्धिबळ स्पर्धेत ती वापरली गेली होती आणि आजही बहुतेक खुल्या स्पर्धा तशाच होतात. कोणी बाद होत नाही, प्रत्येक फेरीत साधारण सारखे गुण असलेल्यांची जोडी लावायची, तीच जोडी पुन्हा लावायची नाही. १६ जणांना ४-५ फेऱ्या पुरतात, आणि सगळे हरलेलाही शेवटच्या दिवशी डाव मांडून बसलेला असतो.

सामान आधी, क्लब नंतर

खगोल मंडळ काढायचं ठरलं की पहिला ठराव दुर्बिणीचा. मग पैसे जमवण्यात सहा महिने जातात आणि खोक्यावर '५०० पट मोठं दिसेल' लिहिलेली काहीतरी घेतली जाते. भिंगाच्या व्यासाच्या मिलिमीटरला दोनने गुणा, साधारण तेवढंच वर्धन कामाचं असतं, म्हणजे ७० मिलिमीटरच्या दुर्बिणीला फार तर १४० पट, त्यापुढे नुसतं धूसर दिसतं. खरं तर सुरुवातीला दुर्बीण लागतच नाही. छोट्या गावाला काळं आकाश फुकट मिळालंय, शहरातल्या मुलांना ते बघायला प्रवास करावा लागतो. डोळे अंधाराला सरावायला २०-३० मिनिटं द्या, मोबाईल खिशात, टॉर्चवर लाल कागद. साधी १०×५० ची द्विनेत्री (दोन्ही डोळ्यांनी बघायची बायनॉक्युलर, दहा पट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगाची) नीट टेकवून धरली की गुरूचे चार मोठे चंद्र दिसू शकतात, गॅलिलिओने १६१० मध्ये बघितले होते तेच. चंद्र पौर्णिमेला दाखवू नका, सपाट दिसतो, अर्धा असताना दाखवा, सावल्यांमुळे विवरं उठून दिसतात. आणि दुर्बिणीतून सूर्याकडे कधीच नाही, हे पहिल्याच दिवशी सांगायचं, योग्य सोलर फिल्टर पुढच्या बाजूला घट्ट बसवलेला नसेल तर क्षणात डोळा जाऊ शकतो.

पैशांचं थोडक्यात: दहा रुपये असले तरी वहीत लिहा, दोघांच्या सह्या, त्यातला एक विद्यार्थी.

मुलं येईनाशी झाली तर

सगळ्यात आधी, जी येतात त्यांना रागवू नका. विचारायचं असतं न येणाऱ्यांना, तेही एकेकट्याला आणि 'का येत नाहीस' असं नाही तर 'कोणत्या दिवशी जमेल' असं. मग तुमच्या पहिल्या दोन मीटिंगा आठवा. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव निवडण्यात आणि भाषणांत गेल्या का? गेल्या असतील तर कारण तिथेच आहे. पहिल्या दिवशी हाताला काम पाहिजे, पदं महिन्याभराने ठरवली तरी चालतात, तोवर कोण खरंच राबतंय ते दिसतं.

दुसरं बघायचं ते म्हणजे सगळं एकाच वर्गावर उभं होतं का. शेवटच्या वर्षाची सहा मुलं गेली आणि क्लब संपला हे दर दोन-तीन वर्षांनी होतं, आणि सरांची बदली झाली तर एका दिवसात होतं. प्रत्येक कामाला दोन मुलं ठेवा, एक वरच्या वर्गातलं, एक खालच्या. एक जाड वही ठेवा, त्यात कोणाला फोन केला, हॉलची चावी कुणाकडे असते, कोणती गोष्ट फसली आणि का, हे मुलांनीच त्यांच्या भाषेत लिहायचं. ही वही वर्ष संपल्यावर सरांच्या कपाटात जाऊ द्यायची नाही, पुढच्या मुलांच्या हातात द्यायची आणि जुन्यांनी बाजूला बसून वाचून दाखवायची.

आणि चारच मुलं उरली तर? चार जणांत दोन विरुद्ध दोन वादविवाद होतो, दोन पटांवर बुद्धिबळ होतं, चार पात्रांची एकांकिका बसते, फक्त वीस जणांसाठी आखलेला कार्यक्रम तिथे चालवू नका. चारही नसतील तर वर्षभर थांबा, पण गुपचूप नाही. त्या वहीत तारीख टाका, का थांबलो ते लिहा, सामान कुठे ठेवलंय ते लिहा. आमचं नाटक मंडळ असंच दोन वर्षं बंद होतं, आठवीतल्या एका मुलाला ती वही सापडली आणि तो सरळ येऊन म्हणाला, मॅडम, पडदे कुठेत?