विज्ञानपटाचं पार्श्वसंगीत जोखायचं कसं

विज्ञानपटातल्या वाद्यवृंदाबद्दल ‘भव्य आहे’ किंवा ‘नुसता गोंगाट’ एवढं म्हणून भागत नाही. कोणत्या प्रसंगात संगीतावर कोणतं काम सोपवलं होतं आणि ते पार पडलं का, हे तपासायचं असतं. नुसता अल्बम ऐकून निकाल देऊ नये. अल्बमसाठी तुकड्यांचा क्रम बदलतात, दोन तुकडे जोडतात, चित्रपटातून वगळलेलंही घालतात.

चित्रपट पहिल्यांदा सलग पाहा, काही लिहू नका. दुसऱ्यांदा वही घ्या आणि प्रत्येक तुकडा नोंदवा: कितव्या मिनिटाला सुरू झाला, कधी थांबला, कोणती वाद्यं पुढे होती, तेव्हा पडद्यावर संवाद होता की स्फोट. संगीत सुरू होण्याची जागा सर्वांत बोलकी असते. पात्राच्या निर्णयावर किंवा नजरेवर ते सुरू झालं, तर ते गोष्ट सांगतंय. दर वेळी दृश्य बदलतानाच सुरू होत असेल, तर ते फक्त संकलनाचे सांधे झाकतंय. सतत वाजणारं संगीत हा मात्र आपोआप दोष ठरत नाही. ‘ग्रॅव्हिटी’मध्ये (२०१३) अंतराळातल्या आदळआपटीला जवळपास आवाजच नाही, म्हणून स्टीव्हन प्राइस यांच्या संगीताला ध्वनिपरिणामांचंही काम करावं लागतं.

आता मुख्य धून. ती गुणगुणता येते का, ही अर्धीच परीक्षा. धून कथेबरोबर बदलते का, हे जास्त महत्त्वाचं. तिच्या प्रत्येक आगमनापुढे वाद्य, लय आणि सोबतचे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) लिहा. ‘स्टार वॉर्स’मध्ये (१९७७) तरुण नायक ल्यूक दोन सूर्यांचा अस्त पाहतो, तिथे संगीतकार जॉन विल्यम्स ‘फोर्स’ची, म्हणजे कथेतल्या गूढ शक्तीची, धून आधी एकट्या फ्रेंच हॉर्नला देतात आणि मग तंतुवाद्यांवर फुलवतात. शेवटच्या सन्मान सोहळ्यात तीच धून पितळी वाद्यांवर ललकारीसारखी येते. स्वर तेच, पण मुलाची हुरहुर आता विजय झालेली असते. याउलट पाच वेळा त्याच वाद्यांवर, त्याच जोरात वाजलेली धून म्हणजे पात्राच्या नावाची पाटी.

धून नसली तर काय होतं, हे ‘स्टार ट्रेक: द मोशन पिक्चर’मध्ये (१९७९) स्पष्ट कळतं. अंतराळजहाजाच्या दर्शनासाठी जेरी गोल्डस्मिथ यांनी केलेलं पहिलं संगीत देखणं होतं, पण त्यात ठसठशीत धून नव्हती. दिग्दर्शक रॉबर्ट वाइज यांनी ते नाकारलं आणि गोल्डस्मिथ यांनी नव्याने लिहिलं. विस्तारित अल्बममध्ये जुनी आवृत्तीही आहे. दोन्ही लागोपाठ ऐका. कान तयार करायला याहून चांगला धडा सापडणं कठीण.

संकलन करताना तात्पुरतं लावलेलं तयार संगीत, म्हणजे टेम्प ट्रॅक, हा मोठा धोका. दिग्दर्शकाला त्याचीच सवय होते. ‘२००१: अ स्पेस ओडिसी’साठी (१९६८) अ‍ॅलेक्स नॉर्थ यांनी लिहिलेलं संगीत बाजूला ठेवून स्टॅनली कुब्रिक यांनी आधीच निवडलेल्या रचना कायम केल्या, तिथे ते जमलं. एरवी मात्र नक्कल उरते. तंतुवाद्यांचा एकच ठेका दोन-दोन मिनिटं चालतो, तेच चार कॉर्ड फिरत राहतात, चढ येतो तो केवळ आवाज वाढवून आणि तुकडा स्वराला विसावा न देता कटवर तुटतो. यातल्या तीन गोष्टी एकाच तुकड्यात आढळल्या, तर तिथे खूण करा.

मग तीन प्रसंग निवडून आवाज पूर्ण बंद करून पाहा आणि लगेच आवाजासह. राक्षस दिसला, की धडाड्. हे डोळ्यांना आधीच कळलेलं असतं. न दिसणारं काही संगीताने सांगितलं का, एवढंच लिहा.

संवाद दबतात असं वाटलं, तर आधी स्वतःची यंत्रणा तपासा. ५.१ मिश्रणात (पाच स्पीकर आणि एक सबवूफर यांसाठी केलेल्या) संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात. दोनच स्पीकर असताना टीव्ही ते अनेकदा नीट मिसळत नाही आणि दोष विनाकारण संगीताच्या माथी बसतो. स्टीरिओ ट्रॅक निवडा, व्हर्च्युअल सराउंड (चहूबाजूंनी आवाज येत असल्याचा भास देणारी सोय) बंद करा, बंद कपांच्या हेडफोनवर पुन्हा ऐका. तरीही शब्द हरवत असतील, तर कारण शोधा. उच्चार स्पष्ट कळतात ते साधारण १ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यामुळे. संवादाखाली ट्रम्पेट आणि वरच्या पट्टीतली व्हायोलिन्स त्याच जागेत घुसत असतील, तर चूक वाद्यरचनेची. खालच्या पट्टीत चेलो आणि बास असूनही शब्द बुडत असतील, तर बहुधा मिश्रणाची, आणि ती संगीतकाराच्या खात्यावर टाकू नये.

लिहायला बसल्यावर प्रत्येक विधानासोबत वेळ द्या. ‘शेवटचं संगीत फसलं’ याऐवजी कितव्या मिनिटाला, कोणतं वाद्य, कोणत्या वाक्यावर चढलं ते लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला तिथे जाऊन स्वतःच्या कानांनी पडताळता येईल.