लघवी तांबूस झाली तर ‘उन्हाळी’ म्हणून सोडू नका

मी निपाणीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. लघवीचे नमुने तपासणं हे रोजचं काम. आमच्याकडं लघवीला जळजळ झाली, रंग बदलला की घरोघरी एकच निदान ठरलेलं असतं: उन्हाळी लागली. मग धन्याचं पाणी, सब्जा. खड्याचा संशय आला तर हुलग्याचं कढण. ते प्यायला माझी हरकत नाही. पण दोन-चार दिवसांत लाली जाते आणि माणूस दवाखान्याचं नावही काढत नाही, तिथं माझा जीव तुटतो. कारण मूत्राशयाच्या कॅन्सरचं रक्त अगदी असंच वागतं. एखाद दिवशी येतं, आपोआप थांबतं, कधी महिन्यांनी परत दिसतं. आणि बहुतेक वेळा दुखत नाही.

रक्त दिसलेल्या बहुतेकांना कॅन्सर नसतो. इन्फेक्शन, मुतखडा, वाढलेलं प्रोस्टेट (पुरुषांत मूत्राशयाखाली असणारी ग्रंथी) अशी कारणं जास्त सापडतात. पण नुसतं बघून कारण ओळखता येत नाही, तुम्हालाही नाही आणि मलाही नाही. म्हणून रक्त एकदाच दिसलं, दुखलं नाही, थांबलं, तरी कारण कळेपर्यंत पाठपुरावा सोडायचा नाही.

आधी नीट बघा. शेताच्या बांधावर किंवा अंधाऱ्या संडासात रंग कळत नाही. शंका आली तर पारदर्शक प्लास्टिकच्या ग्लासात लघवी धरा आणि दिवसाच्या उजेडात बघा. मटण धुतलेल्या पाण्यासारखी गुलाबी, लालभडक, काळपट तांबूस, किंवा रक्ताच्या गाठी असलेली, यातलं काहीही असलं तर मोबाईलवर फोटो काढा. डॉक्टरांकडं पोहोचेपर्यंत लघवी स्वच्छ झालेली असते, तेव्हा हाच फोटो बोलतो. आदल्या दिवशी बीट खाल्लं होतं का, आठवा. टीबीच्या गोळ्यांतल्या रिफाम्पिसिननं लघवी नारिंगी-तांबडी होते आणि बी-कॉम्प्लेक्सनं पिवळीधमक. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर ‘गोळीमुळं आलं असेल’ म्हणून सोडू नका, तपासणी तरीही लागते. गोळी मात्र मनानं बंद करायची नाही.

नमुना देण्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथंच फार घोळ होतो. खोकल्याच्या औषधाची बाटली विसळून त्यात लघवी आणतात आणि साखर नसलेल्या माणसाच्या रिपोर्टात साखर दिसते. लॅबमधून स्वच्छ डबी घ्या, फुकट मिळते. जागा पाण्यानं धुवा, पहिली थोडी धार सोडा, मधली धार डबीत धरा. तासाभरात पोहोचवा, उशीर झाला तर रक्तपेशी फुटतात. पाळी चालू असेल तर ते आधी सांगा.

आम्ही आधी पट्टी बुडवतो. रक्त असेल तर तिच्यावरचा पिवळा चौकोन हिरवट होत जातो. मग नमुना यंत्रात फिरवून तळाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. डोळ्यांना पाण्यासारख्या स्वच्छ लघवीतही तिथं लाल पेशी सापडतात. रिपोर्टात ‘आरबीसी’ म्हणजे लाल पेशींची ओळ शोधा. एका फील्डमध्ये, म्हणजे सूक्ष्मदर्शकातून एका वेळी दिसणाऱ्या भागात, ३ किंवा जास्त लिहिल्या असतील तर तो रिपोर्ट कपाटात ठेवायचा नाही, डॉक्टरांना दाखवायचा.

आपल्या भागात हे जास्त मनावर घ्यायला हवं. निपाणीच्या आसपास तंबाखू पिकतो, वखारीत साठतो, आणि विडी ओढणाराही घरोघरी आहे. धुरातली विषं फुप्फुसातून रक्तात, तिथून किडनीत येतात आणि लघवीबरोबर मूत्राशयात तासन्‌तास साठून राहतात. मूत्राशयाच्या कॅन्सरपैकी जवळपास निम्म्या केसेसचं मूळ धूम्रपानात आहे; ओढणाऱ्याला धोका साधारण तिप्पट. पन्नाशी ओलांडलेल्या, विडी ओढणाऱ्या माणसाच्या लघवीत रक्त दिसलं तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

बायकांचं दुखणं वेगळंच. रक्त दिसलं की ‘इन्फेक्शन’ म्हणून गोळ्या मिळतात, थोडं बरं वाटतं, पुन्हा गोळ्या. बायांनो, दुसऱ्यांदा गोळ्या घ्यायच्या आधी लघवीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढतात का ते बघायची तपासणी, करून मागा. त्यात जंतू नाहीत आणि रक्त तर येतंय, म्हणजे शोध पुढं न्यायचा. पाळी बंद झाल्यावर दिसलेलं रक्त लघवीतलं की गर्भाशयाचं, हे स्वतःचं स्वतःला सांगता येत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांनाही दाखवा.

धार बारीक होणं, रात्री सारखं उठावं लागणं हे पुरुषांत बहुधा प्रोस्टेटच्या साध्या वाढीनं होतं. सुरुवातीच्या प्रोस्टेट कॅन्सरला तर अनेकदा लक्षणच नसतं. पीएसए ही प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी करायची का, ते डॉक्टरांना विचारून ठरवा. इन्फेक्शन असताना केली तर आकडा उगाच वाढतो. लघवी गडद, डोळे पिवळे, संडास पांढरट आणि अंगाला खाज, असं एकत्र आलं तर नुसती कावीळ समजून झाडपाल्यावर दिवस काढू नका. पित्तनळी किंवा स्वादुपिंडातली गाठही असंच दाखवते.

पुढची पायरी म्हणजे सोनोग्राफी, लघवी भरलेली असताना. तिच्यात ‘नॉर्मल’ आलं की लोक सुटल्यासारखे घरी जातात. पण मूत्राशयाच्या आतल्या कातडीवरची लहान किंवा चपटी वाढ सोनोग्राफीत सुटू शकते. यूरॉलॉजिस्ट, म्हणजे लघवीच्या आजारांचे तज्ज्ञ, दुर्बीण घालून बघू म्हणाले तर नाही म्हणू नका. ती तपासणी जागा बधीर करून, थोड्या मिनिटांत होते. लवकर सापडलेली गाठ बऱ्याचदा लघवीच्या वाटेनंच खरवडून काढतात, पोट फाडावं लागत नाही. काहींना नंतर मूत्राशयात बीसीजी सोडतात, तीच टीबीची लस.

बेळगावात सिव्हिल म्हणजे बिम्स हा सरकारी दवाखाना आहे, केएलईचा दवाखाना आहे. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ पडतं. पण आपलं रेशन कार्ड कर्नाटकाचं. आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, त्यासाठी आधी सरकारी दवाखान्यातून रेफरल घ्यावं लागतं. सीमेपलीकडं जायच्या आधी कार्ड तिथं चालतं का, ते विचारून घ्या. सिव्हिलच्या खिडकीवर मराठी कळणारं कुणी नसलं तर एवढं म्हणा: ‘मूत्रदाग रक्त बर्तैत्री, नोव इल्री.’ लघवीतून रक्त येतंय, दुखत नाही.

जाताना जुने रिपोर्ट, तो फोटो, चालू गोळ्यांची पाकिटं आणि वर्षानुवर्षं दिवसाला किती विड्या ओढल्या याचा खरा आकडा घेऊन जा. लघवी अडली, गाठींनी तुंबली किंवा थंडी वाजून ताप भरला, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच निघा.