ताडपत्रीखालची टूरिंग गाडी बाहेर काढताय? या चुका टाळा

दिवाळी तोंडावर आली की नागपुरातल्या पार्किंगमधल्या ताडपत्र्या हलायला लागतात. ऊन उतरलेलं असतं, पेंच उघडलेलं असतं, चिखलदऱ्याचे फोटो मोबाइलवर फिरत असतात आणि चार वर्षांपासून कोपऱ्यात पडलेली, लांबच्या प्रवासाची थंडरबर्ड नाहीतर करिझ्मा मोटरसायकल कोणाला तरी आठवते. मग ती छोट्या हत्तीवर, म्हणजे टेम्पोवर, चढून माझ्या अंगणात येते. मी गॅरेजवाला नाही. हिंगणा एमआयडीसीत फिटर होतो, आता रविवारी हौसेनं गाड्या खोलतो. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की दिसली आहे: गाडी उभी राहून जेवढी बिघडते, त्याहून जास्त ती मालकानं बाहेर काढल्यावर पहिल्या दोन दिवसांत बिघडते. रोगापेक्षा इलाज भयंकर, तो असा.

आधी चालू तर करून पाहू

ही सगळ्यात मोठी चूक, आणि हिच्यावर मी भांडायला तयार आहे. गाडी आली की पोराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "काका, बस एकदा चालू करून द्या न. मग बाकीचं मी पाहून घेतो."

अरे बाप्पा, चालू कशी होईल? सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल केव्हाच ओघळून खाली गेलं. पिस्टनच्या रिंगा कोरड्या, कधी गंजानं चिकटलेल्या. कार्बोरेटरमधलं पेट्रोल आटून त्याचा डिंक झालेला. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरानं गादीचा कापूस आणि तुरीची टरफलं आणून संसार थाटलेला, आणि सायलेन्सरच्या तोंडाशी कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं. अशा इंजिनाला तुम्ही सेल्फ मारता, म्हणजे कोरड्या धातूवर कोरडा धातू घासता.

आणि गाडी पुरात भिजलेली असेल तर? २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरणार नाहीत. मध्यरात्रीनंतर आभाळ फाटलं, अंबाझरी ओसंडला, नाग नदी घरात शिरली. त्या भागातल्या पार्किंगमध्ये गाड्या हॅन्डलपर्यंत पाण्यात होत्या. पाणी ओसरल्यावर लोकांनी घरातला चिखल काढला, फ्रीज उन्हात ठेवले, आणि गाड्यांना सेल्फ मारले.

त्यातली एक थंडरबर्ड ३५० दीड वर्षानं माझ्याकडे आली. मोठा भाऊ पुण्याला नोकरीला, गाडी त्याची, उद्योग धाकट्याचा. मी विचारलं, पुरानंतर काय काय केलं, खरं सांग. धाकटा म्हणाला, "सेल्फ मारला, टक् करून थांबली. किक खालीच जाऊन नव्हती राहिली. मग आम्ही तिघांनी उतारावर सेकंडमध्ये टाकून धक्का मारला. एकदम झटका बसला अन् चाक जाम झालं."

किक खाली जात नव्हती, तेव्हाच गाडीनं सांगितलं होतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर यायला लागला की त्याला जागाच उरत नाही. पायाच्या किकनं फार तर पाय दुखतो. पण उतारावर जवळपास दोनशे किलोची गाडी आणि वरचा माणूस, एवढं सगळं वजन मागच्या चाकातून त्या पिस्टनला ढकलतं, तेव्हा वाकतो तो पिस्टनला खाली धरणारा कनेक्टिंग रॉड. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उघडलं तर पिस्टन वरच्या टोकाला जेवढा यायला हवा तेवढा येतच नव्हता आणि एका बाजूला घासल्याचा पट्टा चकचकत होता. ऑइल काढलं तर पाणी मिसळून दुधाच्या कॉफीसारखं, फेसाळ. दीड वर्ष ते तसंच आत होतं, बेअरिंगं खात. ज्या कामाला एक प्लग पाना आणि अर्धा तास पुरला असता, त्यासाठी अख्खं इंजिन खाली उतरवावं लागलं.

माझी सवय सांगतो. गाडी कितीही दिवस उभी असो, भिजलेली असो वा नसो, आधी स्पार्क प्लग काढायचा. प्लगच्या भोकातून दहा मिलि इंजिन ऑइल सोडायचं आणि गाडी तशीच झाकून आपण जेवायला जायचं. दुसऱ्या दिवशी मेन स्टँडवर, टॉप गिअरमध्ये, मागचं चाक हातानं हळूहळू फिरवायचं. फिरलं तर छान. अडलं तर जबरदस्ती नाही, अजून थोडं ऑइल, अजून एक रात्र. पाणी गेलेलं असेल तर भोकावर फडकं धरून सावकाश किक मारायच्या, आधी पाणी बाहेर उडतं, मग नुसती हवा. जुनं ऑइल काढायचं, नवं भरायचं, थोडं फिरवून तेही काढायचं, आणि दुधाळपणा जाईपर्यंत पुन्हा. स्वस्तातलं ऑइल चालेल, ते तसंही फेकायचंच आहे. सेल्फ मारायची वेळ आली की प्लग कॅपमध्ये घालून इंजिनाला टेकवून ठेवा, नुसती कॅप लोंबकळत ठेवू नका. आणि तो भोकापासून लांब टेकवा, तिथून पेट्रोलचा फवारा येतो.

"काका, तीन दिवस?" असं तोंड करतात. चार वर्षं ताडपत्रीखाली ठेवताना घाई नव्हती, आता तीन दिवस जड होतात.

टाकीत ॲसिड

ही चूक मी स्वतः केलेली आहे, त्यामुळे हिच्याबद्दल अधिकारानं बोलतो. तेव्हा माझ्याकडे जुनी बुलेट होती आणि अंगात घाई होती. टाकीत गंज, टॉर्च मारली की तळाला तपकिरी खपल्या दिसायच्या. कोणीतरी सांगितलं, संडास धुवायचं ॲसिड टाक, दहा मिनिटांत चांदी. टाकलं. खरंच दहा मिनिटांत चांदी झाली. नळाच्या पाण्यानं धुतली, उन्हात ठेवली, खूश होऊन झोपलो. सकाळी पाहतो तर मारुतीला शेंदूर फासावा तशी आतून लालभडक. ॲसिडनं गंजाबरोबर धातूचं पांघरूणही काढून नेलं होतं, उघड्या पत्र्याला रात्रभरात नवा गंज चढला. मी पुन्हा ॲसिड टाकलं. तिसऱ्या वेळी पेट्रोल कॉकच्या शेजारी सुईच्या टोकाएवढं भोक पडलं आणि पेट्रोल गरम इंजिनावर ठिबकायला लागलं. गाडी पेटली नाही ही माझी पुण्याई नाही, बायकोची. वास तिला आला.

आता मी लिंबूसत्व वापरतो, किराण्यात मिळतं ते. एका लिटर कोमट पाण्याला साठ-सत्तर ग्रॅम. टाकी गळ्यापर्यंत भरायची, अर्धी नाही, कारण गंज छताला पण असतो. थंडरबर्डची टाकी वीस लिटरची, म्हणजे सव्वा-दीड किलो लागतं. दुकानदार विचारतो, घरी लग्न आहे का? सांगावं, हो, पाहुणे यायचे आहेत.

भरण्याआधी कॉक आणि पेट्रोलचा काटा दाखवणारा फ्लोट काढून त्या जागा रबर आणि पत्र्यानं बंद करायच्या. तोंडाभोवती रंगावर टेप लावायची. एक दिवस ठेवायचं, मधूनमधून हलवायचं. मग ओतून द्यायचं, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं विसळायचं, साध्या पाण्यानं विसळायचं, आणि इथून पुढं मात्र घाई करायची, संपूर्ण लेखात फक्त इथंच. नागपूरच्या मे महिन्यात टाकी उन्हात ठेवली की अर्ध्या तासात आतून खडखडीत वाळते. पावसाळ्यात हेअर ड्रायर, पण पेट्रोलचा वास पूर्ण गेलाय याची खात्री करून. वाळली रे वाळली की कपभर पेट्रोलमध्ये थोडं टू-टी (टू-स्ट्रोक गाडीचं) ऑइल मिसळून आत सगळीकडे फिरवायचं. पत्र्याला तेलाचा हात लागला की नवा गंज धरत नाही.

आतून कोटिंग मारायचं की नाही यावर लोक तास-तास बोलतात. माझं मत: भोकं असतील तर टाकी बदला, नसतील तर कोटिंगची गरज नाही. कच्च्या साफसफाईवर मारलेलं कोटिंग दोन वर्षांनी सालपटं होऊन कार्बोरेटरमध्ये उतरतं, ते काढताना मारणाऱ्याची आठवण येते.

आणि जुनं पेट्रोल नव्यात मिसळून "खपवू" नका. आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला बसतात आणि टाकीचा तळ तिथूनच सडतो. ते बाटलीत काढून पाहा, दोन थर वेगळे दिसतात.

प्रेशरचं पाणी

गाडी दिसायला घाण, म्हणून सरळ वॉशिंग सेंटरला. तिथला पोरगा गन थेट चाकाच्या आसावर, हॅन्डलच्या मुळाशी, वायरिंगच्या कपलरवर धरतो. चिखल निघतो, बेअरिंगमधलं ग्रीसही निघतं. वर डिझेल मारतात, इंजिन काळंभोर चमकतं, आणि बुटीबोरीपर्यंत जाऊन आलात की सगळी धूळ त्यावर चिकटलेली असते. रबरी भाग फुगतात ते वेगळं.

माझ्याकडे दोन बादल्या, कार शाम्पू, जुनी बनियन आणि घरातले रिटायर झालेले टूथब्रश. इंजिनाच्या तेलकट भागाला ब्रशनं थोडं रॉकेल, रबर वाचवून. सायलेन्सरच्या तोंडाला पिशवी. उन्हाळ्यात सकाळी सहाला सुरू करून आठला संपवा. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, दुपारी टाकीवरून येणारं पाणीच चहाला चालेल इतकं तापलेलं असतं, साबण लावता-लावता वाळतो आणि रंगावर असे डाग सोडतो की ते काढायला पॉलिश लागतं.

बाकीचं थोडक्यात

कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात, सुई घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की गाडी आयुष्यभर जास्त पेट्रोल पिते. कार्ब क्लीनर मारून रात्रभर ठेवा. अगदीच नाही निघालं तर वायरमधली तांब्याची एक तार, एकच.

टायरला भरपूर नक्षी आहे म्हणून तो चांगला, असं नसतं. बाजूवर चार आकडे असतात, २२१७ म्हणजे २०१७ सालचा बाविसावा आठवडा. नखानं दाबून पाहा, दगडासारखा लागला की बदला, मी इथं घासाघीस करत नाही. टायर चमकवायचा स्प्रे तर मी अंगणात आणूच देत नाही. एकानं तो सीटलाही मारला होता. ब्रेक लावला की माणूस टाकीवर.

ब्रेक ऑइल काळं झालंय म्हणून नुसतं वरून ओतू नका, पूर्ण काढून बाटलीवर लिहिलेलं असेल तेच भरा. कॅलिपरचे (डिस्कला आवळणाऱ्या ब्रेकच्या भागाचे) रबरी सील पेट्रोल-रॉकेलनं धुतले तर ते फुगतात आणि पिस्टन अडकतो, चाक पुढं जायला मागत नाही. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता, पुसत बसू नका.

बॅटरी दोन वर्षं शून्यावर पडली असेल तर तिला श्रद्धांजली द्या. चार्जरवर चढवून बारा व्होल्ट दिसले म्हणून नाचणारे मी पाहिलेत, सेल्फ मारला की आकडा खाली कोसळतो.

चेन साफ करायला लोखंडी ब्रश नको, आतल्या रबरी रिंगा कापल्या जातात.

नट-बोल्ट. एक मिस्त्री खर्र्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या, रिकाम्या पन्न्यांमध्ये बोल्ट ठेवायचा. सुपारीच्या वासासकट, पण प्रत्येक पन्नीवर पेनानं लिहिलेलं: "डावा फूटरेस्ट", "हेडलाइट खालचा". हसू नका. त्याच्याकडे काम संपल्यावर एकही बोल्ट उरत नव्हता. तुमच्याकडे किती उरतात?

पहिली राइड

गाडी चालू झाली, फटफटली, आवाज ऐकून डोळ्यांत पाणी आलं. ठीक. आता पहिल्या दिवशी रिंग रोडवर वीसेक किलोमीटर, घरी येऊन गार होऊ द्यायची आणि पाना घेऊन प्रत्येक नटावरून हात फिरवायचा. इंजिन तापतं-गार होतं तसे नवे गॅस्केट बसतात आणि नट ढिले पडतात, विशेषतः सायलेन्सरचे. मग रामटेक, जाऊन-येऊन शंभर किलोमीटर. गडाच्या पायथ्याशी चहा, चहाबरोबर पुन्हा पाना. एवढं झालं की मग कुठं जायचं तिथं जा.

थंडरबर्डवाल्या धाकट्याला हे सगळं मी समोर बसवून सांगितलं होतं. त्यानं मान डोलावली, पाया पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला थेट चिखलदऱ्याच्या वाटेवरच्या परतवाड्याहून फोन.

"काका, आवाज एकदम ट्रॅक्टरसारखा येऊन राहिला. सायलेन्सरचा नट कुठं पडला समजूनच नाही राहिलं."