कॅज्युअल्टीतलं मॉक ड्रिल कसं घ्यायचं, आणि 'आयतु' म्हणजे नक्की काय?

आमच्याकडं बेळगाव-खानापूर पट्ट्यात छोट्या दवाखान्यात डॉक्टर मराठी, सिस्टर कानडी, वॉर्डबॉय दोन्ही मिसळून बोलणारा, एरवी काही अडत नाही पण सिरीयस पेशंट आला की नेमका तिथंच घोळ होतो. एका ड्रिलमध्ये, म्हणजे खोटा पेशंट ठेवून केलेल्या सरावात, मी म्हटलं ॲट्रोपिन (फवारणीच्या विषबाधेवरचं औषध) द्या, सिस्टर म्हणाल्या 'आयतु', मला वाटलं दिलं आणि त्यांना म्हणायचं होतं 'बरं, देते', कानडीत दोन्हीला आयतुच चालतं ना. पाच मिनिटं औषध गेलंच नाही. तेव्हापासून मी सगळ्यांच्या मागं लागलोय की ड्रिल घ्या, आणि आपल्याच कॅज्युअल्टीत, आपल्याच औषधांच्या ट्रॉलीवर घ्या.

केस आपल्या भागातली निवडा. फवारणी करताना कीटकनाशकाची विषबाधा झालेला शेतकरी, तोंडाला फेस, डोळ्याच्या बाहुल्या एकदम बारीक, नाडी मंद, छातीत घरघर. महागडं मॅनिकिन (सरावाचा पुतळा) नसलं तरी चालतंय, स्टाफपैकी कोणीतरी झोपा आणि सलाईनची नळी शेजारच्या उशीला चिकटवा (जित्या माणसावर सुई, सीपीआर, शॉक काही नाही हं).

आता हिशोब बघा. आपल्याकडं ॲट्रोपिनची अँप्युल 0.6 मिग्रॅची मिळते. सुरुवातीला 3 अँप्युल, छाती मोकळी झाली नाही तर पाच मिनिटांनी डबल म्हणजे 6, परत 12. दहा मिनिटांत 21 अँप्युल! रात्री ट्रॉलीत तेवढ्या असतात का, आणि तेवढ्या फोडून भरायला एक माणूस पुरतो का, हे कागदावर कळत नाही, हातानं करूनच कळतं. रिकाम्या किंवा सराव असं ठळक लिहिलेल्याच अँप्युल वापरा आणि ड्रिल संपल्यावर मोजून बाहेर काढा, खऱ्या औषधात एकसुद्धा मिसळता कामा नये.

लीडर बेडच्या पायथ्याशी उभा, हात लावायचा नाही. एकजण श्वास आणि सक्शन (तोंडा-घशातला फेस ओढून काढायचं मशीन) बघेल, एकजण औषध, एकजण घड्याळ बघून लिहील, एकजण ग्लोव्हज घालून कपडे काढून अंग धुवेल. ऑर्डर नाव घेऊन द्या, ऐकणाऱ्यानं डोससकट परत म्हणायचं, आणि औषध गेल्यावरच 'दिलं' नाहीतर 'कोट्टे'. आयतु बंद. मधेच खरा पेशंट आला तर ड्रिल तिथंच थांबवा.

ड्रिल दहा मिनिटं, पण नंतरच्या बोलण्याला वीस तरी द्या, खरं शिकणं तिथंच होतं. कोण चुकलं ते विचारू नका, काय अडलं ते विचारा, आणि सगळ्यात ज्युनियरला आधी बोलू द्या, कारण डॉक्टर बोलून गेले की बाकी सगळे गप्प बसतात. दोनच दुरुस्त्या ठरवा, नाव आणि तारीख घालून भिंतीवर लावा, पुढचं ड्रिल नाइट शिफ्टला घ्या. आमच्या मावशींनी पहिल्यांदा तोंड उघडलं ते एवढंच सांगायला की सक्शनची वायर तीन नंबरच्या बेडपर्यंत पोचतच नाही. त्याच संध्याकाळी एक्स्टेन्शन बोर्ड आला.